टेकडीवरच्या मनोऱ्याची घंटा

आसावरी, तो दिवा बंदच राहू दे. अथर्व, तू खुशाल हस. शिरीषही असल्या गोष्टींना हसायचा. इथे आइंडहोवनला माझ्या शेजारीच राहायचा तो, चिपच्या मशिन बनवणाऱ्या कंपनीत होता. माझ्यासमोर बसून रडलाय, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षीची चार मे. सहा वर्षांच्या ईशानीसाठी जुनी सायकल घ्यायला तो तिला घेऊन आर्नहेमकडे गेला होता. सायकल गाडीत टाकली, निघाले. वाटेत टेकडीवर दगडी मनोरा दिसला आणि पोरीनं हट्ट धरला. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते, पण युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन म्हणून दार उघडं होतं.

दाराशी डचमध्ये पाटी होती. सात वर्षं राहून पठ्ठ्यानं भाषा शिकली नव्हती. वाचता आली असती तर कळलं असतं. युद्धात त्या टेकडीवरच्या पहारेकऱ्यानं, धोका टळला असं समजून घंटा वाजवली. तळघरांतली पोरं बाहेर धावली. विमानं वळून परत आली. तेवीस मुलं गेली. गावानं त्यांच्यासाठी हा मनोरा बांधला, वर तीच घंटा टांगली. ती कोणी वाजवत नाही.

दोघं जिना चढून वर गेले. आपल्या माणसाला घंटा दिसली की दुसरं काय सुचणार? देवळात उचलतात तसं त्यानं लेकीला उचललं.

"वाजव गं, जयबाप्पा कर!"

ठण्ण...

जिन्यात पावलं वाजली. लहान. पुष्कळ. दिवे गेले. त्यानं डाव्या हातात ईशानीचा हात घट्ट धरला आणि चाचपडत उतरू लागला. दहाएक पायऱ्या झाल्या. दुसऱ्या हातात कोणीतरी बोटं घातली. गार... मग मनगटाला. मग दोन्ही कोपरांना. मग ईशानीला धरलेल्या मुठीतही.

"ईशू? मराठीत बोल गं!"

"पापा, वाख्त..."

थांबा, म्हणत होतं पोर. पण तेच चहूकडून आलं. "पापा... वाख्त... वाख्त..." घरीही ती डचमध्येच उत्तर द्यायची. त्यावरून रोज ओरडा खायची.

यातला तिचा हात कुठला?... कळेना. घाबरला तो. बाप असून घाबरला. सगळे हात झटकले. एकूण एक. आणि पळाला.

खाली आला. दिवे लागले. जिना रिकामा...

पोलिसांनी कुत्री आणून टेकडी पालथी घातली. ईशानी अजून सापडलेली नाही. लतिका, त्याची बायको, त्याला एवढंच म्हणाली, "तू हात सोडलास."

त्याच्या दोन्ही हातांवर बोटांचे वळ उठले होते. काळेनिळे, गारठलेले. आठवड्यात गेले. एकच राहिलाय, डाव्या तळव्यावर. चार इवली बोटं, लालबुंद. मी हात लावून पाहिलाय. वर्ष झालं...

अजून गरम लागतो.