केबलच्या कडेची फट

काम पास झालं तर ऋषिराजच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. ठेकेदाराची शाबासकी, सोलापूरचं पुढचं काम आणि ‘पोराचा हात चोख हाय’ असं नाव. आणि नापास झालं तर? बोलणी, चेष्टा… आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा साताऱ्याच्या एसटीतून उतरणारी साक्षी मॅडम. फलटणचा हा गडी व्यवहाराला पक्का. त्यानं दोन्ही पारडी तोलली आणि नापास व्हायचं ठरवलं.

सांगलीतल्या त्या नव्या, अजून न उघडलेल्या इस्पितळात तो भिंतीतली भोकं बुजवायचा. विजेची केबल एका खोलीतून दुसरीत न्यायची तर भिंत फोडावी लागते. आणि केबल जिथून जाते तिथून उद्या आगीचा धूरही जातो. म्हणून केबलभोवती रॉकवूल, म्हणजे न जळणारा दगडी कापूस, ठासून भरायचं, वरून आगीला दाद न देणारं सीलंट लावायचं. ते नीट झालंय का, हे तपासायला साक्षी यायची.

दोघांची पहिली गाठच मुळी भिंतीआड पडली. ती पलीकडून भोकात बॅटरी मारत होती आणि हा अलीकडून डोळा लावून बसला होता.

“कोण हाय रं तिकडं? डोळा फोडतूस का?”

“तपासायला आलेय,” पलीकडून बाईचा आवाज आला. “तुम्ही भोक हातानं भरता की डोळ्यानं?”

ऋषिराजनं जीभ चावली. पण त्या बोटभर फटीतून दिसलेली एक भुवई, आणि तिच्यावर चिकटलेला पावसाचा थेंब, काही केल्या डोळ्यासमोरून हलेना.

मग सरळ विचारायचं की! पण तसं होत नसतं. तपासणाऱ्या बाईला ठेकेदाराच्या माणसानं वडापाव जरी पुढं केला, तरी लोक त्याला लाच म्हणतात. साक्षी तर पाणीसुद्धा घरून आणायची. तेव्हा बोलणं व्हायचं ते भिंतीशीच. ती म्हणायची, “इथं सीलंट कमी आहे.” तो म्हणायचा, “आज तुमचं हसू पण कमीच हाय.” ती हसायची नाही, फक्त वहीत जरा जास्तच खाली बघायची. फरशी पुसणाऱ्या बयाबाईंना मात्र त्या खाली बघण्यातलं सगळं समजायचं.

शेवटच्या तपासणीचा गुरुवार आला. लहान मुलांच्या वॉर्डातली एक जागा ऋषिराजनं मुद्दाम कच्ची ठेवली होती. आत रॉकवूल नाही, वरून नुसता सीलंटचा हात, आणि केबलच्या कडेला चांगली दिसेल अशी फट. आंधळ्यालाही सापडावी अशी! सापडली की नापास, आणि पुन्हा एक गुरुवार.

साक्षीनं उदबत्ती पेटवून त्या जागेपाशी धरली. तिची रीतच ती. भराव पक्का असेल तर धूर सरळ वर जातो, कच्चा असेल तर भिंतीत ओढला जातो.

“सोलापूरला… कधी जाणार?” तिनं विचारलं.

“तुमी सही केली की.”

“बरं असेल ना तिकडं?”

“कशाचं बरं, मॅडम? तिकडं तपासायला दुसरंच कोणतरी असंल…”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे. धूर बिचारा वळून, वाकून, त्या फटीत सुरसुर शिरत होता. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

“आवं मॅडम,” दारातून बयाबाई म्हणाल्या, “उदबत्ती इझली की. देव पावला का न्हाई?”

साक्षी दचकली. कानापर्यंत लाल झाली… आणि घाईघाईनं वहीत ‘पास’ लिहून मोकळी झाली.

आता झाली पंचाईत! ऋषिराजनं ती फट गुपचूप बुजवली असती तर नाव राहिलं असतं, सोलापूरही राहिलं असतं. पण साक्षीची नजर कधी चुकत नाही, असं सगळा जिल्हा म्हणतो. आज ती चुकली, आणि तिचं तिला ठाऊकच नाही. उद्या दुसऱ्या इस्पितळात चुकली तर? तो फाटकाकडे पळाला. रिमझिम पावसात ती छत्री उघडत होती.

“मॅडम… तुमी एक कच्चं भोक पास केलंय. पोरांच्या वॉर्डातलं. मीच मुद्दाम ठेवलं हुतं.”

“मुद्दाम?”

“तुमी परत यावं म्हणून.”

छत्री अर्धीच उघडी राहिली. “तिथं लहान मुलं झोपणार आहेत, ऋषिराज! भेटायचं होतं तर तोंड नव्हतं का?”

“तोंड हुतं. धीर नव्हता.”

ती वळली, तडक वॉर्डात गेली. फटीत बोट घातलं; ते मुळापर्यंत आत गेलं. मग वहीतल्या आजच्या सगळ्या शेऱ्यांवर तिनं एक आडवी रेघ मारली आणि तिथूनच ऑफिसला फोन लावला.

“सर, इथं माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा… सगळं पुन्हा तपासायला हवं… नाही, एक सोडलं तर काम चांगलं आहे. माझीच नजर चांगली राहिलेली नाही… कारण?” दारात भिजून उभ्या असलेल्या ऋषिराजकडे तिनं बघितलं. “कारण हे काम ज्याचं आहे, तो मला आवडतो.”

तिकडे फोनवर काय म्हणाले कोण जाणे. इकडे ऋषिराज आत आला आणि ती कच्ची जागा उकरायला लागला.

“बया बया बया!” म्हणत बयाबाईंनी बादली उचलली आणि दार लोटून घेतलं.

तर या व्यवहारात भरपाई कुणी केली? ऋषिराजनं प्रत्येक भोक उकरून नव्यानं भरलं, सोलापूर हातचं गेलं, आणि अजून त्याचं काम लोक दोनदा तपासतात. साक्षीनं ऑफिसात ऐकून घेतलं आणि वर्षभर तिला नुसत्या फायली लावायला बसवलं. साताऱ्याहून आलेले नवे साहेब उदबत्तीच्या धुरानं दिवसभर शिंकले. लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी सारखा केला. वॉर्ड सुरू झाला. आत झोपलेल्या पोरांना मात्र कशाचंच काही भरावं लागलं नाही.