पाचवा फाउल

चेंडू वाचवायला ती धावली. चेंडू वाचला, पण ती थेट स्कोअरच्या टेबलावर जाऊन आदळली. टेबलामागच्या चष्मेवाल्याचा चहा त्याच्याच शर्टावर सांडला, आणि या बहाद्दराने दोन्ही हातांनी सावरलं कशाला? तर स्कोअरच्या कागदाला.

"भाजलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही… कागद कोरडा आहे."

सहा फूट एक इंच उंचीची, क्लबची पगारी बास्केटबॉलपटू. हिच्यासाठी नवरा बघायचा तर शिडी लावून बघावा लागेल, असं मावशी म्हणायची. ती तिथेच, भर सामन्यात, खुदकन हसली.

त्यानंतर संघाची यादी टेबलावर नेऊन द्यायचं काम तिने आपणहून मागून घेतलं. अहो-जाहोचं अरे-तुरे व्हायला चार सामनेही लागले नाहीत.

"आज माझ्या नावावर वीसच्या खाली गुण लिहिलेस तर बघ."

"पडतील तेवढेच लिहीन."

"खोटं कौतुकसुद्धा जमत नाही का रे तुला?"

"जमतं की… पण पेनाने नाही."

लीगच्या अंतिम सामन्याला देशाच्या संघाचे निवडकर्ते पहिल्या रांगेत बसले होते. या एका दिवसासाठी तिने वयाच्या तेराव्या वर्षापासून गुडघे फोडून घेतले होते. बावीस गुण तिने एकटीने केले. चार मिनिटं उरली असताना समोरच्या मुलीला तिचा धक्का लागला आणि शिट्टी वाजली.

पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. वरच्या बोर्डावर तिच्या नावापुढे चारच दिसत होते. बोर्डवाल्याकडून मघाशी एक राहून गेला होता. हे तिला ठाऊक होतं. आणि टेबलावरच्या त्या कागदाला.

लिही ना चार… कोण बघतंय? खरंच आलं तिच्या मनात. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्याकडे न बघता त्याने पाचाची पाटी वर केली. आणि ती तशीच धरून ठेवली.

"बोर्डावर चार आहेत!" प्रशिक्षक टेबलावर धावून गेले. "चष्मा बदला जरा."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, पाचच झालेत. मीही मोजत होते."

बाकावर बसताना तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याचाच इतका अभिमान वाटत होता की डोळे भरून आले. संघ दोन गुणांनी जिंकला. संध्याकाळी देशाच्या संघाची यादी लागली, त्यात तिचं नाव दुसरं होतं.

ती बाहेर आली तेव्हा तो दाराशी उभा होता.

"पुढच्या मोसमात तुझ्या सामन्यांना मी टेबलावर नसेन. तसं पत्र देऊन आलोय."

"का? मी रागावले असेन म्हणून?"

"नाही, नियम आहे… घरातलं कुणी खेळत असेल तर टेबलावर बसायचं नसतं."

"तुझ्या घरातलं कोण खेळतंय?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेच… विचारायला आलोय."

"म्हणजे मला विचारायच्या आधीच लेखी देऊन मोकळा झालास?"

"चुकलं का?"

तिने जरा वाकून त्याच्या नाकावरचा तिरका चष्मा सरळ केला.

"तू कधी चुकीचं लिहितोस का?" ती म्हणाली.