पहिल्या डब्यातली जागा

मी लिफ्ट तपासतो. इमारतीत नवी लिफ्ट बसली की ती लोकांसाठी उघडण्याआधी तिच्या छपरावर उभं राहून वर-खाली जायचं, दोर बघायचे, ब्रेक मुद्दाम सोडून ती कुठे अडकते ते बघायचं, हे माझं काम. घाबरट माणसं मला रोज भेटतात. ‘अहो, पडणार नाही ना?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, लिफ्ट पडत नाही, माणसाचं अवसान पडतं. लोक हसतात आणि आत शिरतात. हे वाक्य मला इतकं आवडायचं की घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी ते ऐकवायचो.

आमच्या मुलीला आम्ही टिटवी म्हणतो, कारण ती कधी गप्प बसत नाही. शहराबाहेरच्या थीम पार्कमध्ये एक रोलर कोस्टर आहे, त्याला सगळे अजगर म्हणतात. त्याच्या दाराशी एक लाकडी फळी आहे आणि तिच्यावर दोन रेघा आहेत. वरच्या रेघेपलीकडे डोकं गेलेल्याने एकट्याने बसावं, दोन रेघांच्या मधल्या मुलाने मोठ्या माणसासोबत बसावं, आणि खालच्या रेघेलाही न पोचणाऱ्याने आइस्क्रीम खाऊन घरी जावं. टिटवी दर वर्षी आइस्क्रीम खाऊन घरी येत होती. आणि दर वर्षी मी ऐटीत म्हणायचो, ‘रेघेला डोकं लागू दे, मग आपण दोघं. पहिल्या डब्यात!’ मुलं वाढतात, ही गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती.

त्या रविवारी तिचं डोकं खालच्या रेघेच्या बोटभर वर गेलं. टिटवी किंचाळली, तिची आई हसली, आणि मी फळी वाकडी तर नाही ना, ते बघितलं.

“मी खाली थांबून व्हिडिओ काढते,” बायको म्हणाली. मग आवाज उतरवून, “जमेल ना रे तुला?”

“न जमायला काय झालं? रोजचंच काम आहे माझं.”

रांग पत्र्याच्या छपराखालून वळणं घेत वर चढत होती. कठड्याचे पाइप हातांनी घासून गुळगुळीत झाले होते आणि हवेत वंगणाचा वास होता. मी सवयीने सगळं न्याहाळलं. खांबांचे बोल्ट ताजे रंगवलेले, साखळी नीट तेल दिलेली, उतारावर दुसरा ब्रेक. काम चोख होतं. भीती वाटावी असं एकही कारण सापडेना, आणि कारण सापडत नाही म्हणून मी आणखी घाबरलो. तोंड मात्र चालू होतं. गाडी चढावर मागे का घसरत नाही, ते मी टिटवीला समजावून सांगत होतो. पुढचे दोघे-तिघेही कान देऊन ऐकायला लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने केली त्याने मला कुठेतरी पाहिलं असणार.

फलाटावर निळ्या गणवेशातला एक मिशीवाला ऑपरेटर होता. गाडीत या बाजूने चढायचं आणि त्या बाजूच्या छोट्या फाटकांतून उतरायचं. त्या बाजूलाच एक उथळ ट्रे होता. “चष्मे, टोप्या इथे ठेवा,” तो ओरडत होता. मी पहिल्या डब्यात पलीकडच्या सीटवर सरकलो, हात लांबवून चष्मा ट्रेमध्ये ठेवला आणि जग पुसट झालं. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरापलीकडे रंगांचे फराटे दिसतात.

टिटवी माझ्या शेजारी बसली. ऑपरेटरने तिच्या मांडीवरचा दांडा खाली ओढला, दोनदा थोपटला आणि मागच्या डब्यांकडे गेला. माझा दांडा अजून वर होता.

“बाबा,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मला भीती वाटतेय.”

तिला भीती वाटली की आमची एक रीत आहे. इंजेक्शन असो, पायातला काटा असो, ती डोळे मिटते, माझं बोट धरते, आणि मी ‘उघड’ म्हणेपर्यंत डोळे उघडत नाही. मी ‘उघड’ म्हणतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं.

“डोळे मीट,” मी म्हणालो. “मी सांगेन तेव्हाच उघड.”

तिने डोळे घट्ट मिटले. माझं बोट घट्ट धरलं.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. पुढच्या चढावरून साखळीचा खडखडाट आला. मी तिच्या मुठीतून बोट हळूच सोडवलं. तिला कळू नये म्हणून त्या जागी दांड्याची रबरी मूठ दिली. मग वाकून फाटक ढकललं आणि बाहेर पडलो.

टिटवीने मूठ तशीच घट्ट धरली.

एकट्या मुलाला घेऊन गाडी सोडत नाहीत. ऑपरेटर येईल, रिकामी सीट बघेल, तिला उतरवेल, चारचौघांत माझी शोभा होईल, आणि होऊ दे, असं मी मनाशी म्हणत होतो. फाटकाच्या बाहेर भिंतीला चिकटून मी उभा होतो. निळा फराटा पुढे आला. पहिल्या डब्यापाशी थांबला. त्याने माझ्या सीटवरचा दांडा खाली ओढला, दोनदा थोपटला आणि हात वर केला.

गाडी सुटली.

मी ओरडायला हवं होतं. बाप असतो तर ओरडलो असतो. पण ओरडलो तर सगळ्यांना कळलं असतं की मी इकडे उभा आहे.

उतरायच्या बोळात मी भिंतीकडे तोंड करून थांबलो. डोक्यावरून किंकाळ्या जात होत्या. त्यांत टिटवीची ओळखू येते का ते मी ऐकत होतो. एकदा आली. ती किंकाळी नव्हती, ती हसत होती.

गाडी परत आली, फाटकं उघडली, माणसांचा लोंढा बोळात शिरला. माझ्या शर्टाच्या रंगाचा एक फराटा ट्रेपाशी वाकलेला मला दिसला. त्या रंगाचे शर्ट पुष्कळांकडे असतात. मग टिटवी आली, अगदी हातभर अंतरावर, एकटी, केस पिंजारलेले. मला बघून ती थबकली. तिने मागे वळून फलाटाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हसली. घरी कुणी आलं की ‘नमस्कार कर’ म्हटल्यावर मुलं हसतात, तशी.

“चला,” ती म्हणाली. “आई वाट बघत असेल.”

मी काहीतरी सबब सांगायच्या तयारीत होतो. तिने ती मागितलीच नाही.

तिला बोळाच्या तोंडाशी उभं करून मी चष्म्यासाठी परत गेलो. ट्रे रिकामा होता.

“तुमचा चष्मा?” ऑपरेटर म्हणाला. “आत्ता तर घालून गेलात.”

“कुठे गेलो?”

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “परत रांगेत. मजा आली म्हणालात, अजून फिरायचंय म्हणालात.” मग त्याचा आवाज मऊ झाला. “साहेब, उतरून जाणारे इथे खूप असतात. आम्ही त्यांना काही बोलत नाही, आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं त्यांना. पण सीट काही रिकामी जात नाही.”

मी रांगेकडे बघितलं. चष्म्याशिवाय तिथे नुसते रंग होते, हळूहळू वर सरकणारे.

खाली बायकोने माझ्या पाठीवर थाप मारली. “अरे, हात वर करून बसला होतास! मला वाटलं, डोळे मिटून देवाचं नाव घेशील.” व्हिडिओत सगळं आकाशच आलं होतं, ती फोनकडे न बघता वरच बघत होती म्हणे. “पण मी बघितलं ना डोळ्यांनी!”

“त्यात काय एवढं,” मी म्हणालो.

हे तीन शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज आले की माझी मलाच किळस आली. फुकटचं कौतुक खाणारा माणूस मी आयुष्यात कधी नव्हतो.

घरी जाताना गाडीत टिटवीची टकळी सुरू झाली, पण सगळं आईशी. “आई, बाबाने माझा हात सोडलाच नाही. एकदम टोकावर गेल्यावर म्हणाला, उघड. आणि आई, तिथून सगळं दिसतं! बाबाने त्याची गंमत सांगितली. तो लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढला आणि उतरताना घाबरून त्याची चड्डी ओली झाली, आणि तो अंधार पडेपर्यंत वरच बसला, कुणाला दिसू नये म्हणून.”

बायको खो खो हसली. “हे मला कधी सांगितलं नाहीस!”

मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी ज्यांनी ती ओली चड्डी पाहिली ती माणसंही आता नाहीत. चष्मा नाही म्हणून गाडी बायको चालवत होती. मी खिडकीकडे तोंड फिरवून घाम पुसला.

नवा चष्मा आला. मेहुण्याचा फोन आला, “दाजी, मानलं बुवा तुम्हाला! ताई म्हणाली, वाघासारखे बसला होतात.” मी हसलो. कामावर एका म्हाताऱ्याने लिफ्टच्या दाराशी विचारलं, पडणार नाही ना? ‘जिन्याने या,’ मी म्हणालो.

घरात टिटवी फार चांगली वागायला लागली. आधी ती माझ्या पाठीवर चढून पेपर ओढायची, मी आंघोळीला असलो की दार बडवायची. आता ती दारावर टकटक करायची. माझ्याशेजारी बसण्याआधी ‘बसू का’ म्हणायची. आपल्या ताटातला शेवटचा घास मला देऊ करायची. एकदा तिला खरचटलं. मी डेटॉल घेऊन वाकलो आणि म्हणालो, “डोळे मीट.” तिने माझ्याकडे समजुतीने पाहिलं आणि डोळे उघडे ठेवून जखम स्वतःच पुसली.

मायलेकी स्वयंपाकघरात बोलत असायच्या आणि मी गेलो की थांबायच्या. बायको माझे कपडे घडी करून कपाटात ठेवायची, ती आता पलंगाच्या कोपऱ्यावर ठेवायला लागली. विचारलं तर म्हणाली, “असू दे की. लागतील तेव्हा हाताशी.”

मला वाटलं, पोरीला कळलंय. आपला बाप भित्रा आहे हे तिला कळलंय आणि ती माझी लाज राखतेय. हे असह्य होतं. तिच्या वयाच्या मुलीने बापाची लाज राखावी याहून मोठी शरम नाही. खरं सांगून टाकायचं, ती रडेल, चिडेल, चार दिवस बोलणार नाही, आणि मग पुन्हा माझ्या पाठीवर चढेल. मला माझी टिटवी परत हवी होती.

आज संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. ती शाळेच्या वह्यांना कव्हरं घालत होती.

“टिटवे, मी तुझ्याशी खोटं वागलो. त्या दिवशी तुझे डोळे मिटलेले असताना मी उतरलो. मी घाबरलो होतो. मी गाडीत नव्हतोच.”

तिने कव्हराची घडी नखाने दाबली.

“मला माहितीये,” ती म्हणाली.

“कसं?”

“बाबाने सांगितलं. वर.”

“काय सांगितलं?”

“की खाली एक जण उभा असेल. त्याला खूप लाज वाटत असेल. त्याला काही बोलायचं नाही. घरी न्यायचं आणि नीट वागायचं.” तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे पाण्याने भरलेले होते, माझ्यासाठी. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तो म्हणाला, फिरून झालं की येतो.”

“टिटवे, बाबा मी आहे गं.”

तिने माझ्या हातावर हात ठेवला, जरा वेळ. मग वह्या गोळा करून आत गेली.

आतून बायकोचा आवाज आला, हलका. “सांगितलंस त्यांना?”

“हो.”

“रडले का?”

“नाही.”

“बरं झालं. बिचारे.” भांडं ठेवल्याचा आवाज. “आता दाराची कडी काढून ठेव. त्याच्याकडे किल्ली नाहीये.”

टिटवी बाहेर आली, माझ्यासमोरून गेली, कडी काढली आणि परत गेली.

कडी लावायला मला चार पावलंसुद्धा लागली नसती.

जिन्यात खाली कुठेतरी कुणीतरी हसलं. पावलं वर येऊ लागली, दोन-दोन पायऱ्या गाळत.

मी माझ्या खुर्चीतून उठलो, उशी झटकून सरळ केली आणि पाहुण्यांच्या स्टुलावर जाऊन बसलो.