साठचा आकडा

“अंड्याला कान लाव ठमे, आतून कुणीतरी हाक मारतंय बघ!”

ठमी एवढीशी होती, तेव्हा मावशीच्या उबवणी केंद्रातले यंत्रवाले काका असं म्हणाले होते. तो आवाज अजून तिच्या कानात होता. आज मात्र काका मान खाली घालून उभे होते. दोनदा अंडी आतल्या आत उकडून गेली होती.

“पुन्हा डोळा लागला, तर कामावर येऊ नका,” मावशी म्हणाली.

“यंत्रं चालवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही. एकेक खोली तपासलीय!” तिचा मुलगा, दादा, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

“काका आणि झोपतील?” भोपू ठमीच्या कानात कुजबुजला. म्हणजे अर्ध्या केंद्राला ऐकू गेलं.

सुट्टीला आलेल्या ठमी, भोपू आणि चष्मिस या तिघांनी दुपारी पहारा धरला. उबवणीच्या खोलीत अंधूक उजेड. अंड्यांना बारीक तडे गेलेले, आतून टकटक, टकटक. काकांना मावशीने आपल्या खोलीत बोलावलं होतं. शेजारच्या नव्या खोलीत कुणीतरी धुतलेले ट्रे गरम हवेवर वाळवायला लावले, आणि इकडे पडद्यावर ठरवून दिलेलं तापमान अडतीसचं झालं साठ!

“ठमे, वाळवण बंद कर!” चष्मिस ओरडला.

“केलं!”

“तरी इथे साठच!”

हवा तापत चालली. टकटक मंदावली. भोपूने “मावशी, धाव!” अशी बोंब ठोकली. ठमी धावत आली. तिने उबवणयंत्राचा खटका पाडला, दारं सताड उघडली.

आरडाओरडा ऐकून सगळे धावले. चष्मिसने दादाला संगणकापुढे बसवलं.

“किती तापवायचं, त्यासाठी ‘तापमान’ म्हणून एकच जागा ठेवलीस! उबवण तिथे अडतीस लिहिते, तिथूनच वाचते आणि वाळवणही तिथेच साठ लिहिते!”

“दर खोलीला नवं नाव कशाला? वेगवेगळं चालवलं तेव्हा तर—”

“वेगवेगळं! एकत्र कधी चालवलंस? दोघं एकाच फळ्यावर लिहितात, दादा. एकाचं पुसलं गेलं तरी त्याला पत्ताच नाही!”

“आणि काका आमच्यापाशी नव्हतेच,” ठमी म्हणाली. “ते तुझ्यासमोर बसले होते, मावशी!”

दादाने कीबोर्ड पुढे ओढला. त्याने गुमान दोन खोल्यांना दोन नावं दिली. ठमीने खटका वर केला, वाळवण पुन्हा सुरू केलं. तिकडे साठ, इकडे अडतीस. आकडा जागचा हलला नाही!

टक. एका कवचातून इवलीशी चोच बाहेर आली.

“शाबास रे पोरांनो!” मावशी म्हणाली. मग ती काकांकडे वळली. “‘झोपलो नव्हतो’ एवढं तरी बोलायचं होतंत!”

काकांनी वाकून त्या अंड्याला कान लावला.

“काय बोलणार, ताई? मलाच वाटायला लागलं होतं, की मी झोपतोय.”