पाउंडची बस, युरोची बस

पुलाच्या मधोमध ब्रोना थबकली. हातातलं पाकीट उघडलं नि कपाळावर हात मारला. आत सगळे युरो!

लिफर्डमध्ये घरोघरी दाराशी दोन पाकिटं असतात, एक युरोचं, एक पाउंडचं. पूल ओलांडला की स्ट्रॅबेन. तिथला देश वेगळा, नाणं वेगळं. तिथून सुटणाऱ्या डेरीच्या बसला पाउंडच लागतात, इकडच्या लेटरकेनीच्या बसला युरो. घाईत नेमकं नको ते उचललं, दुसरं काय!

समोरून एक उंच पोरगा भुरभुर पावसात खिसे चाचपत येत होता.

"अहो, युरो आहेत का? माझ्याकडे नुसते पाउंड… लेटरकेनीची बस चुकेल."

"आहेत. पण फुकट नाही देत."

"भाव काय?"

"तोंड बघून ठरवते," ब्रोना म्हणाली. बघितलं — आणि भाव उतरवला.

त्याचं नाव फिंटन. स्ट्रॅबेनचा, लेटरकेनीत सायकली दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चुकीचं पाकीट घेऊन आला. तिसऱ्या दिवशी ब्रोनाही चुकली. शहाण्या घरची दोन पोरं रोज चुकायला लागली, तेव्हा ब्रोनाच्या आईनं ओळखलं.

"डोकं नीट आहे ना गं तुझं?"

"घाई होते, आई."

"हो, केस विंचरायला बरा वेळ मिळतो!"

मग एका सोमवारी दोन्हीकडच्या बसमध्ये कार्डाची यंत्रं बसली. पैशांची अदलाबदल संपली. आता पुलावर थांबायचं कुठल्या तोंडानं? आपण होऊन बोलायचं, तर ब्रोनाचं नाक मोठं! मान ताठ ठेवून ती भराभर चालत निघाली.

फिंटन कठड्याला टेकून उभा होता. पाऊस गालांवरून ओघळत होता.

"आज काय विसरलास?"

"काहीच नाही." तो अडखळला. "आजवरही… कधीच विसरलो नव्हतो. पहिला दिवस सोडून."

ब्रोनाचे कान तापले.

"कळत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? पुरुषासारखा पुरुष तू, तुझी जीभ काय भाड्यानं दिली होतीस?"

तो हसला. हळूच तिची ओली बोटं हातात घेतली. तिनं सोडवली नाहीत.

खाली स्ट्रॅबेनच्या थांब्यावरून बस निघाली. लिफर्डचीही निघाली.

"गेल्या दोन्ही," तो म्हणाला.

"जाऊ देत. चल, आईकडे चहा घेऊ. आणि हे बघ — ती टाकून बोलेल. उलट उत्तर दिलंस तरच जावई करून घेईल."