खालून येणारा होकार

ही गोष्ट भर दुपारची आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे रात्रीच्या अंधाराला घाबरला असं कुणी म्हणायला नको. पिशव्या आणायला गेलो होतो, एवढंच काम.

मी आणि माझा दोस्त विहिरी खणतो. ढोल्या म्हणतात त्याला. त्याच्या थोरल्या बहिणीनं आम्हाला परदेशात बोलावलं. चार दिवसांत तिच्या नवऱ्याशी माझं वाजलं. म्हटलं, गेला उडत. पाठीवर पिशव्या टाकल्या आणि दोघं फिरत फिरत त्या मोठ्या शहरात पोचलो.

मान मोडेल इतक्या उंच काचेच्या इमारती. माणसं मुंग्यांसारखी, पण आवाज नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. बसमध्ये, दुकानात, सगळीकडं तोंडं मिटलेली.

ढोल्या म्हणाला, "इथं मेलेला कोण आणि जिता कोण, ओळखायचं कसं रे?"

"धक्का देऊन बघ. शिवी दिली तर जिता."

त्यानं खरंच एकाला दिला. तो माणूस न बघता पुढं गेला. आम्ही हसलो.

निघायच्या दिवशी लॉजवाल्या बाईनं पिशव्या तळघरात ठेवायला लावल्या. दुपारी बस होती, तेव्हा त्या घ्यायला आलो. तिनं हातवारे करून समजावलं, एकानं खाली जायचं, एकानं दार धरायचं. दार लोखंडी, सोडलं की आपोआप लागायचं आणि आतून उघडायचं नाही. ढोल्या खाली गेला. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. विहिरीत उतरलेल्याला वरच्यानं सारखं विचारत राहायचं, "आहेस का रे?" खालच्यानं म्हणायचं, "आहे." होकार आला नाही की विचार न करता दोर ओढायचा. आत हवा वाईट असते. खालच्यानं आपणहून बोलायचं नाही, दम कामाला ठेवायचा. इतकी वर्षं त्याच होकारावर आम्ही जगलोय. सवयीनं तिथंही विचारलं.

"आहेस का रे?"

"आहे."

थोड्या वेळानं परत. "आहे." जरा लांबून.

परत. "आहे." आणखी खालून. मी म्हटलं, तळघर आहे का खाण? पण होकार येतोय ना, मग काळजी कशाला. हीच माझी चूक. दुसरा कुणी असता तर केव्हाच खाली बघायला गेला असता.

मग वास आला. उपसलेल्या जुन्या गाळाचा. सिमेंटच्या जिन्यात, भर शहरात. आणि तेव्हा डोक्यात आलं, ढोल्या असा सरळ कधी बोलतो? दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा तो चिडतो. "मेलो नाही अजून, गप बस," हे त्याचं ठरलेलं. इथं एकच शब्द, एकाच सुरात.

मी गप्प राहिलो. विचारलंच नाही.

"आहे," खालून आलं.

मी ओठ घट्ट मिटले.

"आहे... आहे..."

घाम फुटला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला. माझा माणूस खाली, आणि हे दुसरंच कोण होकार देतंय? बूट काढला, दाराच्या फटीत ठोकला आणि उतरलो. त्याला घेतल्याशिवाय वर यायचं नाही, मग काय व्हायचं ते होवो.

खोलीत दिवा होता. दोन्ही पिशव्या तिथंच. पलीकडं बोळ, उतरता, काळा. मोबाईलच्या उजेडात ढोल्या दिसला. हळूहळू पुढं चालला होता, डावा हात समोर लांब करून. लहान पोराला बोट धरून नेतात ना, तसा. त्याच्या पुढं कुणी नव्हतं.

मी पळत जाऊन त्याचं उजवं मनगट धरलं. माझ्या उजव्या पंजाला मधलं बोट नाही, रहाटात गेलं, पण धरलेलं सुटत नाही. ओढला. बैलासारखा जड लागला. पुढूनही कुणी ओढत होतं, एवढं सांगतो.

तेवढ्यात पुढच्या काळोखातून आवाज आला. माझा आवाज.

"आहेस का रे?"

ढोल्यानं होकार द्यायला तोंड उघडलं. मी दुसऱ्या हातानं ते दाबलं. तो मला चावला. चाव लेका, म्हटलं मनात. तसाच फरफटत जिन्यावरून वर आणला. पाठीमागून विचारणं चालूच होतं... शांतपणे, मी विचारतो तसं.

बसमध्ये तो मनगटं चोळत बसला. मग हळूच म्हणाला, "तू दोन्ही बाजूंनी का ओढत होतास?"

"मी एकाच बाजूला होतो."

"पुढंपण तूच होतास. म्हणालास, चल, खाली काम आहे."

त्यानं दोन्ही मनगटं दाखवली. दोन्हीवर वळ. उजव्यावर माझे. डाव्यावरही तसेच, तीन बोटं आणि अंगठा, मध्ये मोकळी जागा.

आता विहिरीत मी उतरतो. ढोल्याला वर ठेवतो. तो कुरकुरतो, पण मी जिवंत आहे तोवर त्याला खाली सोडणार नाही.

माझे वळ आठवड्यात गेले. दुसरे आहेत. परवा त्यानं बाही वर करून दाखवले. मनगटावर काही नव्हतं. ते आता कोपराच्या वर आलेत.