गाळलेला नववा धडा

कंदील बारीक करा आणि ऐका. भीती वाटत असेल तर आत्ताच उठा, मधूनच पळायचं नाही. ही काही ऐकीव गोष्ट नाही. परभणीचा दिनकरराव मास्तर माझा दोस्त. त्याच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी माझ्या हातात चहाची बशी असते, आणि हे घडलं ते त्याच घरात. दोन वर्षं होत आली.

सत्तावन्न सालचा उन्हाळा. दिनकरराव बाजारात रद्दी आणायला गेला होता. निजामाच्या वेळचे उर्दू छापाचे फॉर्म तेव्हा कचेऱ्यांतून पोत्यांनी बाहेर निघायचे. कागद लय जाड. दुकानदार त्यात शेंगदाणे बांधायचे. दिनकररावाला मात्र तो पुस्तक लिहायला हवा होता, आंधळ्या माणसासाठी.

आंधळा म्हणजे पोखर्णीचा अंगद, मेंढरं राखणाऱ्या कोंडाबाईचा मुलगा. देवी आल्या आणि सहाव्या वर्षी त्याचे डोळे गेले. पुढे मुंबईच्या एका शाळेत राहून तो ब्रेल शिकून आला. ब्रेल म्हणजे उठावाचे ठिपके, बोटांनी वाचायचे. जाड कागद पट्टीत अडकवायचा आणि बोथट टोच्याने मागच्या बाजूने एकेक ठिपका उठवायचा, तोही उजवीकडून डावीकडे. अंगदनेच दिनकररावाला हे शिकवलं. दिनकरराव उर्दूत शिकलेला, त्याचा हात त्या बाजूला आपोआप धावायचा. अंगद हसायचा, "गुरुजी, निजाम गेला, पर तुमच्या हातातून न्हाई गेला."

एका अंधशाळेत मास्तराची जागा निघाली होती. दिवाळीनंतर तोंडी परीक्षा, त्यात विज्ञान. विज्ञानाचं पुस्तक मराठीत ठिपक्यांचं कुठं मिळेना. म्हाताऱ्या आईच्या जिवावर किती दिवस खायचं, याची अंगदला लाज वाटत होती. दिनकरराव म्हणाला, मी लिहून देतो. रोज शाळा सुटल्यावर त्याची बायको धुरपताबाई छापील पुस्तक वाचायची आणि हा टोचायचा. बोटांना घट्टे पडले. माणूस चांगला आहे हो, हे आधीच सांगून ठेवतो.

नववा धडा प्रकाशाचा होता. रंग, आरसे, सावल्या, सगळ्या आकृत्या. दिवस थोडे उरलेले. दिनकररावाला वाटलं, डोळेच नाहीत त्याला प्रकाश कशाला शिकवायचा? उगीच जखमेवर मीठ. त्याने धडा गाळला, आणि अंगदच्या ध्यानात येऊ नये म्हणून दहाव्या धड्यावर नऊचा आकडा टाकला.

धुरपताबाई म्हणाली, "आवो, त्याला इचारा तरी."

"कशाला? वाईट वाटंल त्याला."

परीक्षेत साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, सावली कशी पडते? अंगद म्हणाला, "ह्यो धडा पुस्तकात न्हाई, साहेब." साहेबांनी आपलं छापील पुस्तक उघडलं आणि नववा धडा त्याला वाचून दाखवला. जागा दुसऱ्याला गेली. अंगद घरी आला तो ताप घेऊनच. मुदतीचा ताप. पंधरवड्यात गेला.

तेरावा झाल्यावर कोंडाबाई पुस्तकाचं गाठोडं डोक्यावर घेऊन परभणीला आली. "गुरुजी, ह्ये ठिवा. दुसऱ्या कोन्या लेकराच्या कामाला यील." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "लय जीव व्हता त्याचा तुमच्यावर. म्हनायचा, गुरुजीला बोल लावू नको, त्यायला पुस्तकच अर्धं सापडलं आसंल."

दिनकररावाने गाठोडं फळीवर ठेवलं. चहा पाजून त्याने तिला मोटारीत बसवून दिलं. मला हे सांगताना तो रडला.

त्याच रात्रीची गोष्ट. मार्गशीर्षातली अमावास्या. घड्याळात दीड वाजलेला.

धुरपताबाईने त्याला हलवलं. "आवो... कोन वाचायलंय?"

फळीवरून आवाज येत होता. खर्र... खर्र... जाड कागदावरून बोट फिरावं तसा. ओळ संपली की थांबायचा. पुन्हा खर्र...

दिनकररावाने काडी ओढली. आवाज बंद. गाठोडं सुटलेलं. आठवा धडा संपतो, ते पान वर.

त्याने ते बांधलं. कंदील विझवला.

खर्र...

एक पान पुढे. थांबला. परत मागे. पुन्हा पुढे. काहीतरी शोधत असल्यासारखा...

दुसऱ्या रात्री तेच.

तिसऱ्या रात्री दिनकरराव अंधारात उठून बसला. "अंगद?"

...

"पुस्तक अर्धं नव्हतं, अंगद. मी गाळलं. मीच."

आवाज थांबला. मग त्याच्या कपाळाला काहीतरी टेकलं. बोटाचं टोक. हलकं. गार. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलं. खाली उतरलं. भुवईवरून परत... हळूहळू... वाचत.

त्याने ओरडून कंदील लावायला सांगितलं. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं.

धुरपताबाईने छापील पुस्तक उघडलं. नववा धडा. ती वाचत राहिली आणि हा टोचत राहिला. पहाटे चार वाजता अकरा पानं झाली. ती आठव्या धड्यामागे ठेवली. कंदील विझवला.

अंधार.

खर्र... पान उलटलं. आता पुढे गेलं. आणखी पुढे. मग एका जागी अडलं. तीच ओळ. पुन्हा तीच. पुन्हा...

कोंबडा आरवेपर्यंत.

उजाडताच दिनकरराव पोखर्णीला गेला आणि कोंडाबाईच्या पायावर डोकं ठेवून सगळं कबूल केलं. ती काय म्हणाली, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ती अकरा पानं मात्र मी पाहिली. बोट फिरवून पाहिली. सगळे ठिपके नवेकोरे, बोटाला टोचणारे. फक्त सातव्या पानावर एक ओळ सपाट. वर्षानुवर्षं बोटं फिरून झिजावी तशी गुळगुळीत. एका पहाटेत, पोरांनो. काय होतं तिथं, ते बोटाला आता कळत नाही. दिनकररावाने छापील पुस्तकात ओळी मोजून ते शोधून काढलं.

"अंधारात डोळस माणसालाही काही दिसत नाही."